जमिनीखालचा सातबारा

आपल्याकडे दोन माणसं एका धंद्यात पडली की तिसऱ्या दिवशी त्यांची संघटना होते आणि चौथ्या दिवशी तिच्यात फूट पडते. रिक्षावाल्यांची संघटना आहे, सलूनवाल्यांची आहे, मंडपवाल्यांची आहे, बँडवाल्यांचीही आहे. लग्नसराईत या शेवटच्या दोघांचं आपसात पटत नाही, तो भाग वेगळा. कुठल्याही नाक्यावर उभे राहा, एखाद्या तरी संघटनेचा फलक दिसतोच. अध्यक्षांचा फोटो मोठा, कार्याध्यक्षांचा जरा लहान आणि सल्लागारांचे टपाल तिकिटाएवढे. एकाच जमातीचा फलक मात्र मी अजून पाहिलेला नाही: रस्त्याखालून पाण्याची लाइन, गॅसची लाइन, केबल आणि गटार टाकणाऱ्या ठेकेदारांचा. जन्मभर खड्डे खोदणाऱ्या या मंडळींना स्वतःच्या फलकासाठी दोन खड्डे खोदायला सवड झालेली नाही.

अमेरिकेत हे काम 1964 सालीच उरकलं. तिथे नॅशनल युटिलिटी कॉन्ट्रॅक्टर्स असोसिएशन नावाची संस्था आहे आणि तिचे सभासद जमिनीखालची कामं करण्याबद्दल उघडपणे अभिमान बाळगतात. आपल्याकडे बिल्डर्स असोसिएशन ऑफ इंडिया तर 1941 पासून आहे, पण तिच्या नावातच बिल्डर आहे. चर खोदणारा माणूस स्वतःला बिल्डर म्हणवायला लाजतो. त्याने बांधलेलं दाखवणार काय? पूल बांधणाऱ्याला पूल दाखवता येतो. टाकी बांधणाऱ्याची टाकी दोन गावांतून दिसते आणि तिच्यावर निवडणुकीत नावंही रंगवता येतात. चरवाल्याचं काम जितकं चांगलं तितकं ते दिसत नाही, आणि दिसायला लागलं तर समजावं की फुटलं.

म्हणून पाइपलाइनचं भूमिपूजन होतं, लोकार्पण सहसा होत नाही. भूमिपूजनाला कुदळ असते, तिला हळदकुंकू असतं, नारळ असतो, फोटोला जागा असते. काम संपल्यावर काय, बुजवलेल्या चरावर उभं राहून फीत कापायची? एखादा वजनदार नेता घोट्यापर्यंत आत जायचा.

साजगावला हे सांगायला नको. खोपोलीला खेटून, बोरघाटाच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाने पाइपांचा सन्मानाचा काळही पाहिलेला आहे. लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी मोठमोठ्या लोखंडी नळांतून घाट उतरवून टाटांनी खोपोलीत वीज केली, ती 1915 साली, आणि त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या चालल्या. ते नळ डोंगराच्या अंगावरून उघडे खाली आले. कुठे आहेत म्हणून कुणाला विचारावं लागलं नाही. मान वर केली की झालं. शंभर वर्षांत त्या नळांवर चुकून जेसीबी घातल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. त्यानंतर आपण सगळं जमिनीत घालायला लागलो आणि घोटाळा तिथून सुरू झाला.

खालापूर-कर्जतच्या जमिनीत खोदणं हा तसा चेष्टेचा विषय नाही. वर हातभर माती, खाली मुरूम, त्याखाली काळा पाषाण. सरकारी दरसूचीत, म्हणजे ठेकेदार ज्याला डीएसआर म्हणतात तिच्यात, प्रत्येक थराला वेगळा भाव आहे: माती, मऊ मुरूम, कठीण मुरूम, मऊ खडक, कठीण खडक. त्यामुळे चराच्या काठावर रोज एक सभा भरते. ठेकेदार म्हणतो, "साहेब, हा सरळसरळ पाषाण आहे." साहेब उकिडवे बसतात, काठावरचं एक ढेकूळ उचलतात, अंगठ्याने दाबतात. ढेकूळ फुटतं. "कठीण मुरूमसुद्धा नाही हा." ठेकेदार मुकादमाला डोळ्याने खुणावतो. मुकादम चरात उतरून नेमक्या जागी पहार हाणतो; खण्णकन आवाज होतो आणि ठिणगी उडते. "बघा साहेब!" साहेब चष्मा पुसतात आणि म्हणतात, "ठिणगी पहारेची आहे." मग टपरीवरून चहा येतो. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारस थिजून जो दगड झाला, तो कटिंग थंड व्हायच्या आत उभयपक्षी 'मऊ खडक' होतो आणि मोजमाप पुस्तकात, म्हणजे एमबीमध्ये, तसा चढतो. संध्याकाळी चर बुजतो. आता कुणाच्या बापाची टाप आहे तो पुन्हा उघडून बघायची?

पण उघडतात. तीच तर गंमत आहे. पाण्याचा ठेकेदार चर बुजवून गेला की रस्त्याचं काँक्रीट होतं. काँक्रीट वाळलं की गॅसवाला येतो. गॅसवाला पिवळे पाइप पुरून, वर ठिगळ मारून जातो न जातो तोच केबलवाला नारिंगी पाइपांची भेंडोळी घेऊन उतरतो. 15 ऑगस्ट 2019 ला जलजीवन मिशन जाहीर झालं, घरोघरी नळ आणि माणशी रोज 55 लिटर पाणी असं ठरलं, तेव्हापासून तर ज्या आळ्यांना रस्ता माहीत नव्हता त्यांनाही चर माहीत झाला. अशाच एका आळीतल्या आजी ओट्यावर तांदूळ निवडता निवडता चार वेगवेगळ्या ठेकेदारांची माणसं एकाच जागी खोदताना बघत होत्या. शेवटी न राहवून म्हणाल्या, "काय रे बाबांनो, गेल्या साली पण हितंच खणत होतात. हरवलंय तरी काय तुमचं?"

हरवलाय नकाशा. आजींना ते कोण सांगणार?

जमिनीच्या वरच्या बाजूचा आपला हिशेब जगात कुठे नसेल इतका चोख आहे. सातबारा आहे, आठ-अ आहे, फेरफार आहे, पोटखराबा किती ते आहे, बांधावरचं आंब्याचं झाड नक्की कोणाचं यावर तीन पिढ्या कोर्टात आहेत. पण त्याच जमिनीच्या तीन फूट खाली उतरलं की तलाठ्याचं राज्य संपतं आणि मुकादमाचं सुरू होतं. खाली काय कुठे आहे त्याचा दस्त एकच, आणि तो मुकादमाच्या डोक्यात: "चिंचेपासून सहा पावलं पुढे, मग डाव्या हाताला, शाळेच्या भिंतीला धरून." रस्ता रुंद झाला तेव्हा चिंच गेली. शाळेला नवी भिंत झाली ती चार फूट आत. मुकादम आता सोलापूरकडे नातवंडं खेळवतोय. लाइन मात्र आहे तिथेच आहे आणि जेसीबीची वाट बघते आहे.

जेसीबी हा या नाटकाचा नायक. ही पिवळी यंत्रं 1979 पासून भारतात बनतात आणि 2019 मध्ये सबंध देश कामधंदा सोडून त्यांची खोदाई बघतो म्हणून मोबाइलवर थट्टा झाली. थट्टा कसली, ते खरंच आहे; मीही बघतो. बघताना कळतं की बादलीच्या दातांना फक्त दोन गोष्टी समजतात, माती आणि माती नसलेलं काहीही. नियमाप्रमाणे गॅसच्या पाइपावर फूटभर उंचीवर एक पट्टी पुरलेली असते, 'सावधान' असं लिहिलेली, म्हणजे खोदणाऱ्याला आधी ती लागावी आणि त्याने थांबावं. कल्पना उत्तम आहे. कुदळवाल्याला पट्टी आधी लागते. जेसीबीला पट्टी आणि पाइप एकाच घासात लागतात, आणि सावधानचा इशारा चालकाला बादली वर आल्यावर, दातांत लोंबताना वाचायला मिळतो. 1942 साली या कर्जत परिसरात भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने इंग्रजांचं राज्य खिळखिळं करण्यासाठी विजेचे मनोरे पाडले. त्यासाठी जिवावर उदार व्हावं लागलं. आज आमचा चालक कुठल्याही राजकीय हेतूशिवाय दुपारच्या जेवणाआधी तीन गावांचं इंटरनेट पाडतो आणि वर विचारतो, "कसली वायर होती ही?"

सरकारला हे ठाऊक नाही असं नाही. 22 मार्च 2023 ला पंतप्रधानांनी 'कॉल बिफोर यू डिग' नावाचं अॅप सुरू केलं. देशात दरवर्षी सुमारे 10 लाख वेळा केबल तुटते आणि त्यात 3,000 कोटी रुपयांचं नुकसान होतं, हा हिशेब तेव्हा सरकारनेच मांडला. खोदणाऱ्याने आधी अॅपवर कळवायचं, खाली ज्याचं काही असेल त्याने उत्तर द्यायचं. त्याच महिन्याच्या अखेरीस मुंबईत 15 टक्के पाणीकपात लागली, कारण ठाण्यात कूपनलिका खोदताना मुंबईला पाणी नेणाऱ्या जलबोगद्यालाच भोक पडलं होतं. पाणी लागावं म्हणून खोदलं आणि पाणी लागलं, एवढंच की ते मुंबईचं होतं. मग नोव्हेंबर संपता संपता अंधेरीत मेट्रोच्या कामात 1800 मिलिमीटर व्यासाची जलवाहिनी फुटली. 1800 मिलिमीटर म्हणजे मध्यम उंचीचा माणूस टोपी घालून आत उभा राहील. जिथे मुंबईला एवढी जलवाहिनी सापडली नाही, तिथे साजगावच्या जेसीबीला अर्ध्या इंचाची नळजोडणी सापडावी अशी अपेक्षा आपण कोणत्या तोंडाने करायची?

जुन्या लोकांनीही आपल्याला धडा घालून ठेवला आहे. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावाचं पाणी जमिनीखालून शनिवारवाड्यापर्यंत आणलं. मध्ये मध्ये उच्छ्वास ठेवले, म्हणजे आत उतरायची सोय. काम इतकं पक्कं की नकाशा जपण्याची कुणाला गरज वाटली नाही. 2019 मध्ये स्वारगेटला मेट्रोसाठी खोदताना जुनं भुयार लागलं आणि सगळ्या पुण्याला शोध लागल्याचा आनंद झाला. आपण आपलीच वस्तू हरवतो आणि सापडली की तिला इतिहास म्हणतो.

आता कबूल करायला हवं, खाली कुठे काय आहे हे बिनचूक माहीत असलेला एक वर्ग राज्यात आहे. इंधनवाहिनीला भोक पाडून तेल चोरणाऱ्या टोळ्या पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात. हे लोक रात्री, दिव्याशिवाय, पहिल्याच खड्ड्यात लाइनवर पोचतात. त्यांना निविदा नाही, अनामत रक्कम नाही, साहेब नाही, तरी चूक नाही. उद्या चरवाल्यांची संघटना झाली आणि तिने यांच्यातला तांत्रिक सल्लागार नेमायचा म्हटला तर कायदा आड येईल, एवढीच अडचण.

अमेरिकेत 2007 पासून 811 हा एकच नंबर आहे. कुणीही, अगदी परसात झाड लावणाऱ्यानेही, आधी त्या नंबरावर कळवायचं. मग प्रत्येक खात्याचा माणूस येऊन जमिनीवर रंगाने रेघ मारून जातो: वीज लाल, गॅस पिवळा, टेलिफोन-केबल नारिंगी, पिण्याचं पाणी निळं, गटार हिरवं. नवं खोदायचं असेल तिथे पांढरा. ऐकायला फार छान वाटतं. आपल्याकडे रस्त्यावर निळ्या-हिरव्या-भगव्या रेघा कुणी मारायला लागला तर खाली काय आहे हे कळण्याआधी वर काय होईल, याचीच मला धास्ती आहे.

तिथल्या त्या युटिलिटी ठेकेदारांच्या संघटनेचा एक गुण मात्र डोळे झाकून घ्यावा. ती जून महिना चरातल्या सुरक्षेचा म्हणून पाळते. काम थांबवून मजुरांना शिकवतात. पाच फूट किंवा त्याहून खोल चराला आधार दिल्याशिवाय माणूस आत उतरवायचा नाही, हा तिथला कायदाच आहे. आपल्याकडे जूनमध्ये पाऊसच सुरक्षा पाळायला लावतो. रस्ते खोदायला मनाई असते आणि मेअखेरीस जे उघडं राहिलं त्याचं तळं होतं. एरवी सुरक्षा म्हणजे लाल-पांढरी फीत, आणि तीही दोन दिवसांनी कुणाच्या तरी हळदीच्या मांडवाला लागलेली दिसते. विनोद इथे जरा थांबवतो. एक घनमीटर ओल्या मातीचं वजन दीड-दोन टन भरतं. चराची बाजू ढासळली तर छातीपर्यंत गाडला गेलेला माणूस डोकं वर असूनही श्वास घेऊ शकत नाही, कारण छाती फुलायला जागा राहत नाही. हे चरात उतरणाऱ्या कर्नाटकातल्या, तेलंगणातल्या, आपल्या सोलापूरकडच्या मजुराला कुणी सांगत नाही. संघटना लागते ती यासाठी.

आणि बिलांसाठी. राज्यातल्या ठेकेदारांच्या संघटनांनी 2025 च्या फेब्रुवारीत कामं बंद करण्याचा इशारा दिला, तेव्हा सरकारकडे 89 हजार कोटी रुपये थकल्याचा त्यांचा दावा होता. त्यातल्या मोठ्यांचं कसंतरी निभतं. चर खोदणारा बहुधा पोटठेकेदार, म्हणजे ठेकेदाराचा ठेकेदार. वरून थेंब गळायला लागला तर तो शेवटी भिजणार. रस्तेवाला निदान रस्ता अडवून बसू शकतो. हा काय अडवणार? पुरलेला पाइप उकरून परत नेता येत नाही.

साजगावला थकबाकीची परंपरा मोठी आहे म्हणा. इथल्या टाकईच्या बोंबल्या विठोबाची यात्रा कार्तिकी एकादशीपासून पंधरवडाभर चालते आणि सुक्या मासळीसाठी लांबलांबची माणसं येतात. देव विठोबा आणि बाजार बोंबलाचा, हा समन्वय कोकणालाच जमतो. तुकोबा मिरचीच्या व्यापाराला इकडे येत, अशी इथली आख्यायिका आहे. पुढे त्या व्यापाराचं काय झालं हे महाराष्ट्राला ठाऊक आहे: लोकांकडच्या येण्याची खतपत्रं त्यांनी इंद्रायणीत सोडून दिली. तो वैराग्याचा कळस होता. आमच्या ठेकेदाराला तेवढे कष्ट पडत नाहीत. त्याची बिलं नदीपर्यंत न नेताच, टेबलावरच्या टेबलावर बुडतात.

यात्रेचा आणखी एक उपयोग आहे. गावात काम घेणाऱ्या कुठल्याही ठेकेदाराला मुदत म्हणजे काय ते कार्यारंभ आदेशावरून कळत नसेल तर एकादशीवरून कळतं. दोन्ही हातांत बोंबील-सुकटीच्या पिशव्या घेतलेल्या बाईच्या वाटेत चर उघडा ठेवून बघा. दंडाची नोटीस परवडते.

तर समजा, साजगावात या मंडळींनी खरोखरच संघटना काढली. पहिली सभा कुठल्या तरी हॉलच्या पहिल्या मजल्यावर. जमिनीच्या एवढं वर बसायची सवय नसल्याने सगळे जरा अस्वस्थ. पाणीवाला गॅसवाल्याशेजारी बसत नाही. केबलवाला दाराशीच उभा, कारण आत बसलेल्या प्रत्येकाने कधी ना कधी त्याची केबल तोडली आहे आणि त्याने प्रत्येकाचा पाइप. अध्यक्षपदासाठी सात उमेदवार. खजिनदार बिनविरोध, ज्याची बिलं सर्वांत जास्त थकली तो, पैसे नसताना कारभार चालवण्याचा अनुभव म्हणून. मग ठराव. मुरूम आणि मऊ खडक यांतला फरक ठरवायला समिती. काँक्रीट होण्याआधी सगळ्यांना एकदाच खोदू द्यावं, अशी शासनाला विनंती. यावर टाळ्या, कारण हे होणार नाही याची प्रत्येकाला खात्री. नंतर जेवण. जेवण चांगलं झालं तर संघटना टिकते, हा महाराष्ट्रातल्या सहकाराचा अनुभव आहे.

माझं ऐकणार असतील तर जेवणाआधी एकच काम करावं. चर बुजवण्यापूर्वी पाइप, त्याच्यावर धरलेली टेप आणि मागे न हलणारी एखादी खूण, देऊळ किंवा पाण्याची टाकी, असा फोटो काढायचा. चिंच नको. त्या फोटोवरून नकाशा करायचा आणि त्याची एक प्रत ग्रामपंचायतीत भिंतीला लावायची. तिजोरीत नको, कपाटातही नको, भिंतीला. अमेरिकेची संघटना काय करते ते नंतर बघू. साजगावचा जमिनीखालचा सातबारा तयार झाला तर तो महाराष्ट्रातला पहिला नसेल कदाचित, पण जो लोक येऊन वाचतील असा पहिला असेल, कारण घरपट्टी भरायला रांगेत उभं राहिल्यावर दुसरं वाचायला काही नसतं.

आणि तुम्ही ठेकेदार नसलात तरी दारात मांडवाचे खांब रोवण्यापूर्वी शेजारी विचारून घ्या. पहार दोन फूट जाते. पाण्याची लाइन कागदावर तीन फूट खोल असते.